राहून गेलेली शुश्रूषा मोजायची कशी?

चाकण औद्योगिक वसाहतीचा एक मोठा भाग निघोजे गावच्या शिवारात आहे. महिंद्राच्या गाड्या इथे जोडल्या जातात आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे छोटे-मोठे कारखाने आसपास पसरले आहेत. अशा लाइनवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, एखादा नट आवळायचा राहिला तर काय होतं? आधुनिक लाइनवर आवळणीचं यंत्रच नट मोजतं. ठरलेली संख्या भरली नाही की दिवा लागतो आणि गाडी पुढच्या स्टेशनवर सरकत नाही. जे काम झालं त्याची नोंद होतेच, पण जे राहिलं तेही आपोआप कळतं.

आता याच पट्ट्यातल्या एखाद्या वृद्धाश्रमाची कल्पना करा. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींची कूस दर दोन तासांनी बदलायची आहे. आठ वाजता बदलली, दहाची राहिली, बाराला पुन्हा बदलली. दहा वाजता कुठलाही दिवा लागला नाही. आजींना बोलता येत नाही. ड्युटी संपताना रजिस्टर भरलं गेलं आणि तिन्ही रकान्यांत बरोबरच्या खुणा झाल्या. असं वरचेवर होत राहिलं आणि काही दिवसांनी माकडहाडाच्या वर जखम दिसली. मग चौकशी सुरू होते ती ‘कुणाचं चुकलं’ इथून. त्याआधीचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. जे घडलंच नाही, ज्याची कुठे खूण उरली नाही, ते मोजायचं कसं?

गेल्या वीस वर्षांत परिचर्येच्या अभ्यासकांनी या प्रश्नावर बरंच काम केलं आहे. घरातलं कुणी वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात असेल, तर ते समजून घेण्याजोगं आहे.

## राहून जाणं आणि हयगय

२००६ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या बिअॅट्रिस कॅलिश यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांना गटागटाने बसवून विचारलं, तुमच्या वॉर्डात नेहमी राहून जातं असं काम कोणतं? उत्तरांतून नऊ प्रकार पुढे आले. रुग्णाला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, आजाराविषयी समजावून सांगणं, घरी जाण्याची तयारी करून देणं, धीर देणं, अंगाची स्वच्छता, पोटात किती पाणी गेलं आणि किती बाहेर पडलं याची नोंद, आणि तब्येतीवर लक्ष ठेवणं. यातलं काहीही पूर्णपणे राहून गेलं, अर्धवट झालं किंवा फार उशिरा झालं, तर ती राहून गेलेली शुश्रूषा, अशी व्याख्या त्यातून तयार झाली.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठात मारिया शूबर्ट आणि त्यांचे सहकारी हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने पाहत होते. वेळ, माणसं किंवा कौशल्य अपुरं असलं की परिचारिका मनातल्या मनात ठरवते, हे आत्ता करू, ते नंतर, ते आज नको. शुश्रूषेचं हे वाटपच असतं. फक्त ते कुठे लिहिलेलं नसतं, वरिष्ठांनी तसा आदेश दिलेला नसतो आणि पेशंटला त्याचा पत्ता नसतो. याला आपण अलिखित वाटप म्हणू.

हयगय आणि अलिखित वाटप यांत फरक आहे. हयगयीत काम करणारीला पर्वा नसते. अलिखित वाटपात तिला पर्वा असते, म्हणूनच ती सगळ्यात निकडीचं आधी करते आणि उरलेल्याची रुखरुख घेऊन घरी जाते. वरून दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. उपाय मात्र अगदी वेगळे आहेत, म्हणून आधी हे वाटप होतं कसं ते पाहायला हवं.

## मिनिटांचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. एका केंद्रात २४ आजी-आजोबा आहेत. सकाळी सात ते दुपारी दोन या पाळीत तीन मावशी आहेत. चहा-नाश्ता आणि पाळी बदलताना माहिती देणं-घेणं यात प्रत्येकीचा एक तास जातो. उरले सहा तास. तिघींचे मिळून अठरा तास, म्हणजे १०८० मिनिटं.

आता काम मोजू. आठ जण अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांतल्या एकाचं अंग पुसून कपडे बदलायला २५ मिनिटं, तोंड स्वच्छ करायला ५, दोनदा डायपर बदलायला २० आणि नाश्ता व जेवण भरवायला ४० मिनिटं. पाळीत तीन वेळा कूस बदलायची. त्याला दोघी लागतात आणि दर वेळी पाच मिनिटं जातात, म्हणजे मावशींची ३० मिनिटं. बेरीज १२० मिनिटं. आठ जणांची ९६०. बाकीचे सोळा जण हिंडते-फिरते आहेत, पण आंघोळीला आधार, जिन्यात हात, औषधाची आठवण असं प्रत्येकी अर्धा तास धरू. ती झाली ४८० मिनिटं. एकूण काम १४४० मिनिटांचं आणि हाताशी १०८०.

तूट ३६० मिनिटांची, म्हणजे सहा तासांची. या मावशी कितीही मायाळू आणि चपळ असल्या तरी रोज सकाळी सहा तासांचं काम कुठून तरी कापलं जाणारच. मोजायचं आहे ते हेच, की हे सहा तास कुणाच्या वाट्याचे आणि कोणत्या कामाचे कापले गेले.

## आधी काय कापलं जातं?

कापाकापी कुठेही झाली तरी तिचा क्रम बराचसा सारखा असतो. युरोपातल्या १२ देशांत ४८८ रुग्णालयांतल्या ३३ हजारांहून अधिक परिचारिकांना विचारलं गेलं, तुमच्या शेवटच्या पाळीत वेळेअभावी काय राहिलं? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ५३ टक्के परिचारिकांनी सांगितलं की रुग्णाशी बोलणं, त्याला धीर देणं राहिलं. ४२ टक्के जणींकडून शुश्रूषेचा आराखडा करणं किंवा सुधारणं राहिलं आणि ४१ टक्के जणींकडून रुग्णाला व घरच्यांना समजावून सांगणं.

वृद्धांच्या केंद्रांसाठी बाझलच्या गटाने वेगळी प्रश्नावली तयार केली. तिच्यात १९ कामं चार गटांत विभागली आहेत: रोजची आंघोळ-जेवणासारखी कामं, आधार-पुनर्वसन-देखरेख, नोंदी ठेवणं, आणि करमणूक-गाठीभेटी. स्वित्झर्लंडमधल्या १६३ संस्थांच्या पाहणीत ती वापरली गेली. तिथे एकूण राहून जाण्याचं प्रमाण कमीच निघालं. आंघोळ-जेवण सर्वांत कमी वेळा राहत होतं आणि नोंदी व गाठीभेटी सर्वांत जास्त वेळा.

हा क्रम का पडतो, हे सहज समजतं. डायपर बदललं नाही तर वास येतो. औषध चुकलं तर डॉक्टर विचारतात. जेवण राहिलं तर नातेवाईक फोन करतात. पण आज आजोबांना व्हरांड्यात दोन फेऱ्या मारायला नेलं नाही, आजींच्या शेजारी दहा मिनिटं बसून बोललं नाही, तर जाब विचारणारं कुणी नसतं. ज्याचा परिणाम आज दिसत नाही, ते आधी जातं.

परिणाम मात्र होतोच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांचं सुमारे एक किलो स्नायूंचं वजन घटलं. जपानमधल्या ११ शुश्रूषा केंद्रांत दोन वर्षं झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना रोज जेवणानंतर नीट तोंड स्वच्छ करून दिलं आणि बाकीच्यांना नेहमीप्रमाणे राहू दिलं. नेहमीच्या गटात १९ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, तोंडाची निगा राखलेल्या गटात ११ टक्क्यांना. कारण असं की गिळणं मंदावलेल्या माणसाच्या तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. तोंड पुसायची पाच मिनिटं राहिली, तर त्याचा हिशेब काही आठवड्यांनी छातीत निघतो.

कूस बदलण्याचंही असंच आहे. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी सतत दाबली गेली की त्या जागेचा रक्तपुरवठा अडतो. माकडहाडाच्या वरची जागा, टाचा आणि खुबे यांना पहिला धोका. सुरुवातीला तिथे लाली येते. बोटाने दाबून सोडल्यावर ती लाली पांढुरकी न होता तशीच राहिली, तर ती जखमेची पहिली पायरी असते. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. म्हणून हात लावून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागते का ते पाहावं लागतं. इथे वेळीच लक्ष गेलं तर जखम टाळता येते.

## मोजण्याच्या तीन वाटा

पहिली वाट, काम करणाऱ्यांना विचारणं. बाझलची प्रश्नावली याच वाटेची आहे. गेल्या सात कामाच्या दिवसांत हे काम तुम्हाला किती वेळा करता आलं नाही? कधीच नाही, क्वचित, अधूनमधून की वारंवार? शिवाय ‘या कामाची गरजच नव्हती’ असंही एक उत्तर असतं. ते महत्त्वाचं, कारण ज्यांच्याकडे कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही त्यांचं ‘कूस बदलली नाही’ हे उत्तर तूट म्हणून धरता येत नाही. उत्तरांना शून्य ते तीन गुण देऊन सरासरी काढतात. कॅलिश यांनी २००९ साली तयार केलेल्या प्रश्नावलीत याच्या जोडीला दुसरा भाग आहे, तो म्हणजे काम का राहिलं? माणसं कमी होती, सामान नव्हतं, की निरोप पोचला नाही?

दुसरी वाट, डोळ्यांनी पाहणं. प्रशिक्षित निरीक्षक ठरावीक वेळाने वॉर्डात फेरी मारतो आणि कोण कोणत्या कुशीवर आहे, पेल्यात पाणी आहे का, जेवण भरवायला किती वेळ दिला, हे टिपतो. अमेरिकेत जॉन श्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी निरीक्षणं करून ती संस्थांच्या नोंदींशी पडताळली. नोंदींत झालेली दिसणारी बरीच शुश्रूषा प्रत्यक्षात दिसली नाही. ही वाट सर्वांत विश्वासाची आणि सर्वांत खर्चाची. निरीक्षक असेपर्यंत सगळे जास्त काळजीने वागतात, हेही लक्षात ठेवावं लागतं.

तिसरी वाट, शरीरावरच्या खुणा मोजणं. अंथरुणातल्या जखमा, घटलेलं वजन, पडण्याचे प्रसंग, लघवीचा वारंवार होणारा जंतुसंसर्ग. या खुणा पक्क्या असतात, पण उशिरा दिसतात. शिवाय प्रत्येक जखम दुर्लक्षाची नसते. खूप कृश, मधुमेही, रक्ताभिसरण खालावलेल्या माणसाला उत्तम शुश्रूषेतही जखम होऊ शकते. म्हणून आधी धोका मोजायचा असतो. १९८७ साली प्रसिद्ध झालेली ब्रेडन मापनपट्टी संवेदना, ओलेपणा, हालचाल, पोषण अशा सहा गोष्टींना गुण देते. बेरीज ६ ते २३ पर्यंत असते आणि १८ किंवा त्याहून कमी आली की धोका आहे असं मानतात. धोका सारखा असूनही एका केंद्रात जखमा जास्त असतील, तर तिथे शुश्रूषा राहते आहे असा संशय घ्यायला जागा आहे.

तिन्ही वाटा एकत्र चालल्या तरच चित्र पुरं होतं. विचारल्याने कारण कळतं, पाहिल्याने खरं-खोटं कळतं आणि खुणांवरून नुकसान कळतं.

## मोजणी फसते कुठे?

पहिला अडथळा भीतीचा. ‘माझ्याकडून राहिलं’ असं लिहिलं तर पगार कापला जाईल, कामाला पाठवणाऱ्या ब्युरोकडे तक्रार जाईल, अशी धास्ती असेल तर कुणीही ‘कधीच नाही’ याच उत्तरावर खूण करेल. कारखान्यातला सेन्सर घाबरत नाही, मावशी घाबरते. म्हणून प्रश्नावलीवर नाव नसावं आणि ती गोळा करणारा माणूस संस्थेबाहेरचा असावा.

दुसरा अडथळा नजरेचा. काय करायला हवं होतं हे ज्याला माहीत असतं, त्यालाच काय राहिलं ते दिसतं. शिकलेली परिचारिका दहा उणिवा सांगेल. तोंड स्वच्छ करणं हे आपलं काम आहे हेच ज्या मावशीला कुणी सांगितलं नाही, ती म्हणेल, सगळं झालं. त्यामुळे नुसते गुण लावून दोन संस्थांची तुलना करू नये. एकाच संस्थेत सहा महिन्यांपूर्वी काय होतं आणि आज काय आहे, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

तिसरा अडथळा वाढत्या गरजेचा. अनेक वृद्धाश्रम हिंडत्या-फिरत्या माणसालाच प्रवेश देतात. पण माणूस तिथेच थकत जातो. पाच वर्षांपूर्वी काठी घेऊन फिरणारे आजोबा आज पलंगावर असतात. वरच्या उदाहरणात अर्धा तास लागणारा एक जण अंथरुणाला खिळला, की दीड तासाचं काम वाढतं. खाटा तेवढ्याच, मावशी तेवढ्याच, तूट मात्र गुपचूप वाढलेली असते.

## माणसं वाढवली की पुरे?

माणसं लागतातच. श्नेल यांच्या गटाने २००४ साली कॅलिफोर्नियातल्या नर्सिंग होमची तुलना केली. माणशी दिवसाला सरासरी ४.१ तास शुश्रूषा देण्याइतके कर्मचारी असलेल्या संस्था १६ पैकी १३ कामांत इतरांपेक्षा सरस ठरल्या. रुग्णालयांत तर प्रश्न जिवाचाच आहे. युरोपातल्या नऊ देशांतल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरचा अभ्यास २०१८ साली आला. राहून गेलेली शुश्रूषा १० टक्क्यांनी वाढली, तिथे महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी जास्त दिसली.

पण स्वित्झर्लंडच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. कागदावरची कर्मचारीसंख्या आणि राहून जाणं यांचा तिथे थेट संबंध आढळला नाही. ज्या विभागांत एकमेकांना मदत करण्याची रीत होती, चूक मोकळेपणाने सांगता येत होती आणि कामाचा ताण कमी वाटत होता, तिथे कमी शुश्रूषा राहत होती. तिथली माणसांची संख्या मुळातच बऱ्यापैकी होती, हे ध्यानात ठेवून हा निष्कर्ष वाचावा. किमान माणसं असली, की मग एकमेकांना हाक मारता येण्याची सवय फरक पाडते. कूस बदलायला दोघी लागतात. दुसरी वेळेवर आली नाही तर पहिली एकटीच काय करणार?

## आपल्याकडे काय आहे, काय नाही

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण ९.९ टक्के होतं. चाकण-पिंपरी पट्ट्यात मुलगा एका पाळीत, सून दुसऱ्या पाळीत आणि घरी आजारी वडील, हे चित्र नवं नाही. त्यातून वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्रं आणि घरी मावशी पाठवणारे ब्युरो यांच्याकडे लोक वळतात.

भारतीय परिचर्या परिषदेने रुग्णालयांसाठी प्रमाण सुचवलं आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर सर्वसाधारण रुग्णालयांत पाचांमागे एक. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे, पण त्याचा रोख छोट्या खासगी रुग्णालयांवर आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणाच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. वृद्धाश्रमांतल्या सेवांचा दर्जा ठरवून देण्याचा अधिकारही त्यात राज्याला दिला आहे. राहून गेलेली शुश्रूषा मोजण्याची अट घालायला हीच जागा आहे.

परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी इथे चालणार नाही. आपल्याकडे बहुतेक काम परिचारिका नव्हे, तर मावशी आणि मामा करतात. प्रश्न त्यांच्या भाषेत आणि तोंडी विचारावे लागतील: पोळी दुधात कुस्करून भरवताना घाई झाली का? पाणी मागितल्यावर लगेच देता आलं का? उन्हात बसवायचं राहिलं का? वारही विचारपूर्वक निवडावे लागतील. या पट्ट्यात कुणाची सुट्टी गुरुवारी, कुणाची रविवारी. नातेवाईक त्या दिवशी येतात आणि त्या दिवशी सगळं स्वच्छ, वेळेवर असतं. मोजणी आडवारी आणि रात्रपाळीतही झाली पाहिजे.

चौकट: भेटीला गेलात तर काय पाहाल, काय विचाराल

- ओठ आणि जीभ कोरडी आहे का? पाण्याचा पेला हात पोचेल इतक्या जवळ आहे का?
- टाचा, खुबे, माकडहाडाच्या वरची जागा पाहा. लाली किंवा गरम, कडक भाग आहे का?
- महिन्याला वजन घेतात का? मागचे आकडे दाखवा म्हणा.
- या आठवड्यात किती वेळा चालवलं, किती वेळा बाहेर बसवलं?
- एका पाळीत मावशी किती आणि अंथरुणाला खिळलेले किती? रात्री किती?
- मावशींना ‘तुम्ही का नाही केलं?’ असं न विचारता ‘कशाला वेळ पुरत नाही?’ असं विचारा.
- एकदा तरी नेहमीच्या दिवसाऐवजी वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी जा.
- ज्येष्ठ नागरिकांसाठीची मदतवाहिनी १४५६७ लक्षात ठेवा.

## सुरुवात कुठून करायची?

मोठ्या पाहणीची वाट न पाहता कोणतीही संस्था उद्यापासून एक गोष्ट करू शकते. पाळी बदलताना ‘काय झालं’ या यादीच्या खाली ‘काय राहिलं आणि का’ अशी एक ओळ लिहायची. तिच्याबद्दल कुणालाही बोल लावायचा नाही. महिन्याअखेरीस त्या ओळी एकत्र करून त्यांची मिनिटं काढायची. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि पालकांना ठेवायला आलेल्या मुलांनी ही यादी मागावी. ती कोरी असेल तर निर्धास्त होऊ नये, कारण काहीच राहत नाही अशी संस्था असणं फार अवघड आहे. ती भरलेली असेल, तर ही माणसं आपली तूट ओळखतात असं समजावं.

तूट ओळखली की तिची किंमतही काढता येते. वरच्या उदाहरणातली तूट रोज सकाळी सहा तासांची होती. म्हणजे बरोबर एका मावशीची एक पाळी. तीनऐवजी चार मावशी ठेवायच्या आणि त्या चौथीचा पगार २४ कुटुंबांत वाटून घ्यायचा. जोवर कुणी मोजलं नव्हतं, तोवर ही तूट आजी-आजोबा आपल्या अंगावर सोसत होते. आकडा समोर आला की ती कुणी भरून काढायची, संस्थेने, शासनाने की आपण, हे उघडपणे ठरवता येतं आणि ते ठरवण्याची जबाबदारी आता आपली आहे.